गटार कुठं जाऊन मिळतं?

गेल्या पावसाळ्यात एक मित्र म्हणाला, "चल की रे, एक प्लॉट बघून येऊ." शहराच्या दक्षिणेला, भाताच्या शिवाराला लागून पडलेला नवा लेआऊट. कमान चकाचक. आत सिमेंटचे रस्ते, दोन्ही बाजूंना काँक्रीटची गटारं, मधूनमधून चेंबरची गोल झाकणं, कोपऱ्यात कुंपण घातलेली बाग. एजंट आपल्यातलाच, बोलायला गोड. "ड्रेनेज झालंय, गटार झालंय, लाईट आलीय. उद्या पाया काढा." मित्राचे वडील नुकतेच रिटायर झालेले, त्यांचे पैसे आणि याचं कर्ज, असा सगळा हिशेब घरात बसलेला होता. फक्त हो म्हणायचं बाकी.

आम्ही सहज गटाराच्या कडेनं उताराला चालत गेलो. गटार लेआऊटच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. भिंतीला खाली एक भोक. भोकाच्या पलीकडं भाताचं खाचर. बास. तिथं गटार संपलं.

खाचरात एक म्हातारे काका खुरप्यानं काहीतरी करत होते. विचारलं, "काका, हे पाणी पुढं कुठं जातं?" ते हसले. "पुढं कुठं जातंय बाळा, माझ्यातच येतंय की. पहिलं पावसाचं यायचं, त्याचं काय नाही. आता साबणाचं येतंय." लेआऊटमध्ये तेव्हा जेमतेम सात-आठ घरं झाली होती.

चेंबरची झाकणं होती, त्यातलं शेवटचं आम्ही दोघांनी मिळून उचकटून बघितलं. पाईप आत येताना दिसत होता. बाहेर जाणारा पाईप नव्हताच. म्हणजे ड्रेनेज "झालं" होतं हे खरं, एजंट खोटं बोलला नव्हता. ते फक्त कशालाच जोडलेलं नव्हतं.

हे पान वाचणाऱ्यांतले बरेच जण पंचवीस-तीसच्या आसपासचे आहेत. घरात प्लॉटचा विषय चालू असणार, नाहीतर येत्या दोन-चार वर्षांत निघणार. म्हणून आज सीमाप्रश्नाच्या नेहमीच्या विषयाला थोडं बाजूला ठेवून गटारावर लिहितोय. हसू नका. आपल्या गावांच्या जमिनीचं काय होतंय हाही सीमाभागाचाच प्रश्न आहे, आणि तो सध्या गटारातून वाहतोय.

पहिली गोष्ट. आपण बोलताना "गटार" आणि "ड्रेनेज" एकच धरतो. पण पाणी दोन वेगळ्या प्रकारचं असतं. संडास, बाथरूम, स्वयंपाकघर यांचं सांडपाणी हे एक. ते बंद पाईपमधून जायला हवं आणि शेवटी शुद्धीकरण केंद्रात पोचायला हवं. पावसाचं पाणी हे दुसरं. ते उघड्या किंवा झाकलेल्या गटारातून नाल्याला जायला हवं. ही दोन वेगळी का ठेवायची, हे आकड्यात बघितलं की लगेच कळतं.

दहा एकराचा लेआऊट धरा. रस्ते, बाग, नागरी सुविधेची जागा सोडून निम्म्याहून थोडी जास्त जमीन प्लॉटला राहते, म्हणजे तीस बाय चाळीसचे सुमारे 200 प्लॉट. घरटी पाच माणसं, म्हणजे 1000 माणसं. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेचं मॅन्युअल सगळे इंजिनिअर वापरतात. त्यात भुयारी गटार असलेल्या गावासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं मानतात. माणशी 108 लिटर झालं. लेआऊटचं मिळून रोजचं एक लाख आठ हजार लिटर.

आता त्याच दहा एकरावर वळवाचा एक दणका बसला आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला असं धरा. आकाशातून 20 लाख लिटर पाणी पडलं. छपरं, सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणं यामुळं त्यातलं 70 टक्के जरी वाहून आलं, तरी 14 लाख लिटर. दिवसभराच्या सांडपाण्याच्या तेरापट पाणी, एका तासात. सांडपाण्यासाठी टाकलेल्या आठ इंची पाईपात हे शिरलं तर काय होईल? चेंबरची झाकणं उडतात आणि संडासाचं पाणी रस्त्यावर, तिथून घरात येतं. दर जुलैला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे झाकणातून कारंजं उडतानाचे व्हिडिओ याचेच असतात. ते बघून आपण महापालिकेला शिव्या देतो. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लोकांनीच गच्चीचा पाईप आणि अंगणातलं पाणी गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं असतं, हेही खरं आहे.

आणि हाच दहा एकर भाताचा होता तेव्हा? खाचराचा बांध नुसता सहा इंच उंच असला तरी दहा एकरात 60 लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे तो 20 लाखांचा दणका खाचरं अख्खाच्या अख्खा पोटात घेत होती आणि मग हळूहळू, दिवसादिवसांनी, खाली सोडत होती. आपल्या आज्यापणज्यांनी काही पूरनियंत्रण प्रकल्प म्हणून बांध घातले नव्हते, भात पिकवायला घातले होते. पण शहराच्या खालच्या अंगाला ती खाचरं धरणाचं काम करत होती. भात जिथं चांगलं येतं तिथली जमीन पाणी धरून ठेवते म्हणूनच येतं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यातलं बेळगाव बासमती नाव काढण्यासारखं होतं ते त्याच मातीमुळं. तीच माती आता चौरस फुटावर विकली जातेय आणि विकत घेणाऱ्याला वाटतं की ती माळावरच्या मुरमासारखी पाणी जिरवेल.

या पट्ट्यातून बळ्ळारी नाला वाहतो. शहराचा लेंडी नाला वगैरे बारकेसारके नाले घेऊन तो पुढं मार्कंडेय नदीला मिळतो, आणि मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला. म्हणजे आपल्या बाथरूमचं पाणी कुठपर्यंत जातं याचा विचार करा. बेळगावात वर्षाला साधारण 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टात. 2019 च्या ऑगस्टमध्ये नाला आणि मार्कंडेय दोन्ही भरून वाहिले, तेव्हा शहापूर-वडगाव भागात घरात पाणी शिरलेलं तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या आधीही आणि त्यानंतरही, नाल्याकाठच्या शेतकऱ्याचं भात दर दोन-तीन वर्षांनी कुजतं, तो पंचनाम्याची वाट बघतो, निवेदन देतो, फोटो पेपरात येतो. पुढच्या वर्षी परत तेच. नाल्यातली जलपर्णी आणि गाळ काढा ही मागणी त्याची जुनीच आहे आणि रास्तही आहे. पण नाला कितीही साफ केला तरी वरून येणारं पाणीच तिप्पट-चौपट वेगानं यायला लागलं, तर तो कुठवर पुरणार?

याच शेतकऱ्याच्या नशिबाचा फेरा बघा. आधी शेजारची जमीन लेआऊटला गेली. मग त्या लेआऊटचं पाणी याच्या खाचरात आलं. मग शहराच्या सांडपाण्यासाठी शुद्धीकरण केंद्र हवं म्हणून हलग्याला शेतजमीनच संपादनात गेली, तिथं शेतकऱ्यांनी विरोध केला, पोलीस बंदोबस्त आला. केंद्र नको असं कुणीच शहाणा माणूस म्हणणार नाही. शहराला ते फार पूर्वीच हवं होतं. पण पिकाऊ जमीन कुणाची जाते आणि संडास कुणाचे साफ होतात, याचा हिशेब कधीतरी मांडायला नको का?

आता लेआऊट करणाऱ्यानं नेमकं काय करायला हवं ते बघू. कर्नाटक नागरी विकास प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, बुडा त्याच कायद्याखाली चालते. नवा लेआऊट पाडणाऱ्यानं अर्जासोबत नकाशे द्यायचे, त्यात रस्त्यांची रुंदी आणि लेव्हल दाखवायची, आणि सांडपाणी, पाण्याचा निचरा, रस्ते, दिवे यांची काय व्यवस्था करणार ते सांगायचं, हे त्यात येतं. म्हणजे ड्रेनेज ही मेहेरबानी नाही. मंजुरी मिळताना त्याची कामं पुरी होतील तशा टप्प्याटप्प्यानं साईट विकायला सोडायच्या, ही पद्धतही त्यासाठीच आहे, कामं अर्धवट टाकून मालक पैसे घेऊन मोकळा होऊ नये म्हणून.

कागदावर हे सगळं चोख असतं. घोटाळा होतो तो शेवटच्या जोडात. लेआऊटच्या हद्दीत काय बांधायचं ते नकाशावर दिसतं, तपासनीस येऊन मोजतो, सही होते. हद्दीबाहेर ते कशाला जोडायचं, तिथं महापालिकेचा ट्रंक पाईप आहे का, नाल्याचा तळ किती खोल आहे, मधल्या शेतातून पाईप न्यायला हक्क मिळालाय का, हे प्रश्न कुणाच्याच टेबलावर नीट येत नाहीत. बुडा म्हणते महापालिकेचं, महापालिका म्हणते अजून हस्तांतर झालेलं नाही, गावची पंचायत म्हणते आमच्याकडं पैसा नाही.

आणि खोलीचा मुद्दा हा नुसता कागदाचा नाही. सांडपाण्याच्या पाईपात मैला बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग लागतो. आठ इंची म्हणजे 200 मिलिमीटर पाईपाला त्यासाठी साधारण 250 ला 1 उतार द्यावा लागतो. शंभर मीटरला 40 सेंटिमीटर. वरच्या टोकाला पाईप एक मीटर खोल घातला, तर पाचशे मीटर गेल्यावर तो तीन मीटर खोल गेलेला असतो. सपाट भातजमिनीत शेजारचा नाला असतो दीड मीटर खोल. आता तीन मीटरवरचं पाणी दीड मीटरवरच्या नाल्यात कसं सोडणार? (सोडायचंच नसतं खरं तर, पण समजा सोडायचं ठरवलं तरी.) एकतर पंप बसवायचा, त्याचं वीजबिल कुणीतरी जन्मभर भरायचं. नाहीतर लेआऊटमध्येच छोटं शुद्धीकरण केंद्र करायचं, त्याला माणूस ठेवायचा. नाहीतर उतारच द्यायचा नाही आणि पाईप सपाट टाकून झाकणं लावून मोकळं व्हायचं. कुठला पर्याय स्वस्त पडतो ते सांगायला नको. पाईप जमिनीखाली गेला की उतार कुणाला दिसतोय?

मग घरवाले काय करतात? सेप्टिक टँक बांधतात. गवंडी सांगतो, खाली काँक्रीट कशाला, मोकळं सोडा, जिरून जाईल. पण पाणी न जिरवणाऱ्या काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात वरपर्यंत भरतो. आठ महिने चालतो, नेमके चार महिने तुंबतो. शेजारी कुणाची विहीर असेल तर तिच्यात काय उतरतं ते सांगायला प्रयोगशाळा नको. आपल्या शहराला विहिरींची किंमत कळायला हवी खरं तर. टिळकवाडीची काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खणली आणि अजून पाण्यानं भरलेली आहे.

टँक भरला की सक्शन गाडी बोलावतात. गाडी मिळाली नाही की माणूस बोलावतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहायलाच हवं. 2013 च्या कायद्यानं सेप्टिक टँक आणि गटारात कुणालाही सुरक्षेशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवली. तरी देशात दरवर्षी माणसं त्या वायूत गुदमरून मरतात. त्यांची जात कुठली असते ते सगळ्यांना माहीत आहे. लेआऊटमध्ये चांगलं ड्रेनेज नसण्याची किंमत प्लॉटवाला पैशात देतो, तो माणूस जिवानं देतो.

आता हातात काय आहे? रेरा हा 2016 चा कायदा अनेकांना फक्त फ्लॅटसाठी वाटतो. तसं नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तरी नोंदणी लागते, नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. या कायद्यात "अंतर्गत विकासकामे" म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, त्यात रस्त्यांबरोबर मलवाहिन्या, गटारं आणि सांडपाण्याची प्रक्रिया-विल्हेवाट स्पष्ट लिहिलेली आहे. "बाह्य विकासकामे" ही वेगळी व्याख्या आहे, त्यात प्रकल्पाच्या हद्दीबाहेर पण प्रकल्पासाठी करावी लागणारी मलनिस्सारणाची कामं येतात. म्हणजे आमच्या त्या भिंतीच्या भोकापलीकडचं जे आहे, त्यालाही कायद्यात नाव आहे. पुढं कलम 14 मध्ये असं आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामात किंवा सेवांमध्ये दोष दाखवून दिला, तर विकासकानं तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. पाच वर्षं. पण आपले लोक पहिली चार वर्षं "होईल होईल" म्हणत काढतात आणि पाचव्या वर्षी घर बांधायला घेतात, तेव्हा कळतं चेंबर कोरडा आहे. तारीख लक्षात ठेवा.

खालच्या शेतकऱ्यासाठीही कायदा आहे, आणि त्यात आपल्या भागाची एक गंमत आहे. 1882 चा सुविधाधिकार कायदा सगळ्या इलाख्यांना एकदम लागू झाला नव्हता, मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. त्या कायद्यात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल तर खालच्यानं ते येऊ द्यायचं असं आहे. लेआऊटवाले हेच तोंडावर मारतात, "पाणी उताराला जाणारच की काका." पण शब्द नैसर्गिकपणे हा आहे. दहा एकराचं पाणी काँक्रीटच्या गटारात गोळा करून भिंतीच्या एका भोकातून एकाच खाचरात सोडणं हे निसर्गानं केलेलं नाही, ठेकेदारानं केलंय. आणि सांडपाण्याचा तर प्रश्नच येत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 24 मध्ये ओढा, विहीर, गटार यांच्याबरोबर जमिनीवरसुद्धा दूषित पाणी सोडायला बंदी आहे.

हे झालं मंजूर लेआऊटचं. खरी रड त्यापलीकडं आहे. बाँड पेपरवर विकलेले प्लॉट. एनए नाही, मंजूर नकाशा नाही, दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे, मधून पंधरा फुटी बोळ, गटाराला जागाच ठेवलेली नाही. स्वस्त पडतं म्हणून मजूर, रिक्षावाले, गाळ्यावर कामाला असलेली पोरं घेतात. त्यांना कोण नावं ठेवणार? शहरात एनए प्लॉटचे दर बघितल्यावर त्यांच्यासमोर दुसरा रस्ता कुठला होता? अशी बांधकामं दंड घेऊन नियमित करायची अक्रम-सक्रम योजना सरकारनं आणली, तिला सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या जानेवारीत स्थगिती दिली. मग 2025 मध्ये राज्यभर बी-खाते देण्याची मोहीम निघाली. लोकांनी पेढे वाटले. बी-खाते मिळालं म्हणजे घरपट्टी भरता येते, महापालिकेच्या वहीत नाव लागतं. पण लेआऊट मंजूर झाला असा त्याचा अर्थ नाही, आणि बोळात गटाराला जागा त्यानं निर्माण होत नाही. कर घेताना नोंद आहे, तर गटार बांधताना नोंद का नाही, हे विचारायचा हक्क मात्र त्या कागदानं नक्की मिळतो.

आता भाषेकडं येतो. बृहत् आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात, कुठली जमीन हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात जाते ते तिथंच ठरतं. ती सूचना, ते नकाशे आपल्या वडीलधाऱ्यांना वाचता येतील अशा भाषेत येतात का? 1956 च्या केंद्राच्या निवेदनपत्रात, जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी अल्पसंख्य भाषा 15 टक्के लोक बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेत भाषांतर करून द्याव्यात, असं मान्य केलं आहे. बेळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 18 टक्क्यांहून जास्त होते. फलकावरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. पण येळ्ळूरच्या एखाद्या आजोबांच्या सर्व्हे नंबरातून नव्या नाल्याची रेघ जाते आणि ती कन्नड सूचना त्यांना तीन महिन्यांनी कुणीतरी वाचून दाखवतं, तेव्हा मुदत संपलेली असते. त्या एका कागदाच्या मराठी भाषांतरासाठी आपण किती वेळा भांडलो?

अर्जाच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात आपली पोरं नेहमी अडकतात. घटनेच्या 350 व्या कलमानुसार तक्रारीचं निवेदन राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणजे गटाराची तक्रार मराठीतून देता येते, आणि "कन्नडात आणा" म्हणून परत केली तर कलमाचा नंबर सांगायचा, आवाज न चढवता. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. तिथं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय, त्यामुळं तो अर्ज इंग्रजीत नाहीतर कन्नडात टाका. कन्नड येणारी पोरं आपल्यात भरपूर आहेत, त्यांनी दुसऱ्याला लिहून द्यावेत. यात कमीपणा काही नाही. उत्तर मिळणं महत्त्वाचं.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल यायचा तेव्हा येईल. पाऊस दर जूनला येतो. आणि उद्या महाराष्ट्रात गेलो म्हणून पाणी वर चढणार नाही. कोल्हापूर-सांगलीला 2019 आणि 2021 मध्ये काय झालं ते आपण बघितलंय, तिथंही पूररेषेत बांधकामं आहेत. बंगळूरची श्रीमंती तर विचारूच नका, 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्जापूर रोडच्या बाजूला कोट्यवधींच्या बंगल्यांतून माणसं ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढली. नाल्याला भाषा कळत नाही.

आणि आता जे म्हणायला जड जातं ते. या सगळ्या व्यवहारात विकणारा शेतकरी बहुतेक वेळा आपलाच असतो. मधला एजंट आपला. कमानीवर भगवा झेंडा लावून उद्घाटनाला येणारा पुढारीही कधीकधी आपलाच. घेणारा आपला, बुडणारा आपला. "कर्नाटक सरकार मुद्दाम करतंय" हे वाक्य सोपं आहे, काही ठिकाणी ते खरंही असेल. पण भिंतीला ते भोक कुठल्या सरकारनं पाडलेलं नव्हतं. आपल्यातल्या माणसानं आपल्यातल्याच म्हाताऱ्याच्या खाचरावर ते पाडलं होतं. त्याला विचारायची वेळ आली की आपण गप्प बसतो, कारण गणपतीची वर्गणी तोच मोठी देतो.

या बाबतीत 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत नाव आल्याचंही कौतुक आपण बरंच केलं. रस्ते उकरून झाले, रंगीत फरशा बसल्या. 24 तास पाण्याची योजना तर त्याच्याही आधीची, 2008 च्या सुमारास काही वॉर्डांत सुरू झालेली. पाणी वाढलं की सांडपाणी वाढतं, एवढं साधं गणित आहे. घरात जाणारा पाईप मोजला जातो, मीटर लावून मोजला जातो. घरातून बाहेर पडणारा कुणी मोजत नाही.

माझ्या त्या मित्रानं प्लॉट घेतला का? घेतला. वेगळा, थोडा महाग, थोडा लांब. घेण्याआधी त्यानं काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही जमण्यासारखं आहे. मोबाईलवर दिशांक नावाचं कर्नाटक सरकारचं अ‍ॅप घेतलं, प्लॉटवर उभं राहून सर्व्हे नंबर काढला. गावचा जुना नकाशा बघितला, त्यात त्या नंबरातून ओढा जातो का, उताऱ्यावर "ब खराब" म्हणून किती गुंठे लागलेत ते बघितलं. ब खराब म्हणजे नाला, वाट अशा सार्वजनिक वापराची जमीन, ती विकता येत नाही, पण सपाट करून तिच्यावर प्लॉट पाडलेले असू शकतात. रेराच्या वेबसाईटवर प्रकल्प शोधून मंजूर नकाशा उतरवून घेतला. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, ऑगस्टात इथं पाणी कुठपर्यंत येतं. (एजंटला विचारू नका.) आणि शेवटचा चेंबर उघडला. एका बादलीनं पाणी वरच्या चेंबरमध्ये ओतलं आणि खालच्यात येतंय का ते बघत बसला. एजंट चिडला होता म्हणे, "एवढं कुणी बघत नाही साहेब."

बघा. येत्या महिनाभरात आपापल्या भागातल्या एका तरी नव्या लेआऊटला जाऊन या, दोघं-तिघं मिळून, दिवसाउजेडी, कुणाशी हुज्जत न घालता. चेंबरमध्ये उतरू नका, वाकूनसुद्धा जास्त वेळ थांबू नका, आत वायू असतो. गाव, सर्व्हे नंबर, गटार जिथं संपतं तिथला फोटो, शेवटच्या चेंबरला बाहेर जाणारा पाईप आहे की नाही, आणि खालच्या शेतात काय पेरलंय, एवढं लिहून पानाच्या इनबॉक्सला पाठवा. शेतकऱ्याचं नाव त्याची परवानगी असेल तरच. आलेले सगळे पत्ते एका नकाशावर लावून, मराठी निवेदनासह बुडा आणि महापालिका या दोन्ही ठिकाणी पावसाआधी देणार आहोत. पोच घेऊन येऊ आणि तिचा फोटो इथं टाकू.